निकाल लेकीने का लपवला?

पत्र : आमचे गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात आहे. चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यात सोयाबीन आणि तूर घेतो. दोन म्हशी आहेत आणि मी घरी शिवणकाम करते. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. नीटमध्ये थोडक्यात राहिली, म्हणून छत्रपती संभाजीनगरला बी. फार्मसीला प्रवेश घेतला. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच. तिच्या वसतिगृहासाठी आणि मेससाठी माझे तीन तोळे सोने गहाण ठेवले आहे, आणि तिने मन लावून शिकावे म्हणून ते आम्ही तिला सारखे सांगतो. आमचे मालक दिवसातून तीन-चार वेळा फोन करतात. रात्री नऊला व्हिडिओ कॉल करून मोबाईल खोलीभर फिरवून दाखवायला सांगतात. एवढे लक्ष ठेवूनही पहिल्या सेमिस्टरला तिचे दोन विषय राहिले आणि तिने महिनाभर आम्हाला कळू दिले नाही. तिच्या चुलत भावाने मोबाईलवर निकाल काढला तेव्हा समजले. मालक म्हणतात, पोरगी हाताबाहेर चालली, घेऊन येऊ, दोन ठिकाणचे पाहुणे विचारतच आहेत. मला वाटते, मीच तिकडे खोली करून तिच्याजवळ राहावे. धाकटा नववीला आहे. आम्ही काय करावे?

ताई, सस्नेह नमस्कार.

तुमच्या मनातल्या दोन्ही पर्यायांविषयीचे माझे मत आधी सरळ सांगतो आणि कारणे मागाहून देतो. मुलीला परत आणू नका, आणि तुम्हीही म्हशी, शिलाई मशीन आणि नववीतला मुलगा मागे ठेवून तिकडे खोली करू नका. पत्रात एक प्रश्न मात्र राहून गेला आहे, तो म्हणजे तिने महिनाभर हे का सांगितले नाही. दोन विषय राहिल्याची मला फारशी काळजी वाटत नाही. त्या महिन्याची वाटते.

तरीही आधी विषयांचेच पाहू, कारण घरातली बरीचशी भीती नियम ठाऊक नसल्यामुळे आहे. बी. फार्मसी हा चार वर्षांचा, आठ सेमिस्टरचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात प्रत्येक विषयात पास होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. बारावीला ३५ लागत होते. म्हणजे शंभरपैकी ४६ गुण पडलेली मुलगी, जिच्या पास होण्याबद्दल गावात कोणी शंकाही घेतली नसती, ती इथे त्या विषयात राहते. शंभरपैकी ७५ गुणांची लेखी परीक्षा असते आणि २५ अंतर्गत गुण असतात. त्या ७५ मधले २० गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना असतात आणि उरलेले ५५ हाताने उत्तरे लिहून मिळवायचे असतात, त्यांत दहा-दहा गुणांची दोन दीर्घोत्तरेही येतात. आता नीटची तयारी करणाऱ्या लेकरांनी त्याआधी दोन वर्षे काय केलेले असते ते आठवा. लातूर पॅटर्नचा आपल्या भागाला अभिमान आहे आणि तो असावाही, परंतु अकरावी-बारावीची दोन वर्षे चार पर्यायांतून एक गोल काळा करण्यात गेल्यावर त्याच मुलीला तीन तास इंग्रजीत सलग लिहायला बसवले की तिचा हात अडतो, वाक्य अडते आणि येत असलेले उत्तरही अर्ध्यावर राहते. मी रसायनशास्त्र शिकवत होतो, तेव्हा तोंडी विचारले तर घडाघडा सांगणारी आणि पेपरात पाऊण पानावर थांबणारी मुले दर वर्षी वर्गात असत. शिवाय बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स करावे लागते. तुमच्या मुलीच्या दोन विषयांत तो एक असेल तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

ते दोन विषय कोणते, हे मला अंदाजाने लिहावे लागत आहे याचे कारण तुमचे पत्रच आहे. त्यात सोन्याचे वजन आहे, फोनची वेळ आहे, पाहुणे किती ठिकाणचे तेही आहे, पण राहिलेल्या विषयांची नावे नाहीत. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पहिलीच मुलगी कॉलेजात गेलेल्या घराला ॲनाटॉमी काय आणि फार्मास्युटिक्स काय, हे कोण सांगणार? मात्र ती नावे तिच्याकडून ऐकून घेणे हे तुमचे पहिले काम आहे.

आता नियमाचे. फार्मसी कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पहिल्या तीन सेमिस्टरचे राहिलेले विषय चौथ्या सेमिस्टरच्या परीक्षेपर्यंत पुढे नेता येतात. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला बसता येत नाही. म्हणजे तिचे वर्ष वाया गेलेले नाही, तिच्या हातात वेळ आहे, पण तिसऱ्या वर्षाच्या दाराशी कुलूप आहे आणि त्याआधी हे दोन विषय निघायला हवेत. एवढी गोष्ट तुमच्या मालकांना कागदावर आकृती काढून दाखवा. दुसरी गोष्ट हजेरीची. तिथे ८० टक्के हजेरी लागते, आणि त्या २५ अंतर्गत गुणांपैकी १५ सेशनल म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षांचे, तर १० सेमिस्टरभराच्या कामाचे असतात, ज्यांत हजेरीही मोजली जाते. तेव्हा 'समजूत घालायला आठ दिवस घरी आणू' हा विचार प्रेमाचा असला तरी तो तिचेच गुण कापणारा आहे. समजूत घालायची तर तुम्ही तिकडे जा.

आता त्या महिन्याकडे येतो. मी लातूरला काही वर्षे मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. मोबाईल नव्हते तेव्हाची गोष्ट आहे. संध्याकाळी बसस्थानकावर खेड्यांतून येणाऱ्या एसटी लागल्या की मुलांची झुंबड उडे, कारण ड्रायव्हरच्या मागच्या जागेत डब्यांच्या पिशव्या असत. कापडी पिशवी, तिच्यावर शाईने नाव आणि वसतिगृह, आत ज्वारीच्या भाकरी, पिठले किंवा शेंगदाण्याची चटणी. अकरावीतला एक मुलगा तीन दिवस डबा आणायला गेलाच नाही. चौथ्या दिवशी मीच त्याची पिशवी आणली आणि त्याच्यासमोर सोडली. भाकरीच्या फडक्यात एक चिठ्ठी होती: 'अभ्यास कर, व्याज चालू आहे.' अशी चिठ्ठी रोज येत होती. वडिलांना लिहिता येत नव्हते, ते सांगत आणि थोरला भाऊ लिहीत असे. घटक चाचणीत तो मुलगा नापास झाला होता आणि मला म्हणाला, "सर, ही भाकर खायला लाज वाटते." तीन दिवस तो मित्रांच्या डब्यात जेवत होता. मी वडिलांना बोलावून घेतले. ते आले, चिठ्ठीचा परिणाम ऐकून बराच वेळ गप्प बसले, आणि म्हणाले की त्यांना पोराला धीर द्यायचा होता, पण धीराचे शब्द त्यांना सुचत नव्हते, व्याजाचे सुचत होते.

ताई, तुमचे तीन तोळे सोने ही तशीच चिठ्ठी झाली आहे. तुम्ही ते तिला ओझे म्हणून सांगत नाही, हे मला कळते. परंतु रोज ऐकणाऱ्या मुलीच्या मनात हिशेब असा बसतो की दोन विषय राहिले म्हणजे आईचे सोने बुडाले. अशा मुलीच्या तोंडून निकाल बाहेर पडेल कसा? तिने लपवले ही चूकच आहे आणि तसे तिला एकदा सांगायलाही हवे. पण जिला घरच्यांची पर्वा नसते ती मुलगी लपवत नाही, बिनधास्त सांगून मोकळी होते. हाताबाहेर गेलेल्या लेकरांचे वागणे मी पुष्कळ पाहिले आहे, ते असे नसते.

कर्ज तिच्यापासून लपवा असे मात्र मी म्हणणार नाही. घरात काय चालले आहे हे अठरा वर्षांच्या मुलीला कळलेच पाहिजे. एकदा समोर बसवून वही उघडा: सोने कुठे ठेवले, किती रक्कम घेतली, व्याज किती, सोयाबीन निघाल्यावर किती फेडायचे, आणि त्यातला एक रुपयाही तिने फेडायचा नाही. त्यानंतर तो विषय फोनवर पुन्हा काढायचा नाही, मालकांनीही नाही आणि आत्याबाईंनीही नाही. महिन्याच्या खर्चाचेही तसेच करा. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला तिच्या खात्यावर टाका आणि ती कशी पुरवायची हे तिच्यावर सोडा. एखाद्या महिन्यात विसाव्या तारखेलाच पैसे संपतील, तेव्हा थोडी कळ सोसू द्या. दर दहा रुपयांचा हिशेब द्यावा लागणारी मुलगी हिशेब शिकत नाही, थापा शिकते.

रात्री नऊच्या त्या व्हिडिओ कॉलविषयी मला मालकांशी थोडे बोलायचे आहे, म्हणून हा भाग त्यांना वाचून दाखवावा.

दादा, तुमची काळजी खोटी नाही. शहर परके आहे, मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर आहे, आणि रोज कानावर येणाऱ्या बातम्या बापाची झोप उडवणाऱ्या असतात. परंतु त्या खोलीत तुमची लेक एकटी राहत नाही. तिच्या सोबतच्या मुली दिवसभराच्या प्रॅक्टिकलवरून येऊन, कपडे बदलून पडलेल्या असतात, आणि नऊ वाजले की कोणाचे तरी वडील मोबाईलमधून खोली पाहणार म्हणून त्यांना उठून कोपऱ्यात सरकावे लागते. पहिले चार दिवस त्या हसतात, मग कुरकुरतात, आणि मग तुमच्या मुलीला टाळू लागतात. ज्या मैत्रिणींनी तिला नोट्स द्यायच्या, ताप आला तर रेक्टरकडे न्यायचे, त्याच तिच्यापासून दूर जातात. शिवाय मोबाईल खोलीभर फिरतो तेव्हा तुम्हाला भिंती, खाटा आणि दोरीवरचे टॉवेल दिसतात, लेकीचा चेहरा दिसत नाही. निकाल लागल्यानंतरच्या त्या महिन्यातही तुम्ही रोज खोली पाहिलीत. काही दिसले का?

सुरक्षेसाठी करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. रेक्टर मॅडमचा नंबर तुमच्याजवळ असावा, एका मैत्रिणीचा नंबर तिच्या संमतीने घेतलेला असावा, आणि अडचणीत ११२ ला फोन करायचा हे मुलीला पाठ असावे. फोन दिवसातून एकदा आणि ठरलेल्या वेळी पुरे. तेवढा एक फोन मात्र बोलण्यासाठी करा.

आपल्याकडच्या घरांतले फोन कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. जेवलीस का? जेवले. अभ्यास झाला का? झाला. नीट राहा. हो. पाव मिनिटात संपणाऱ्या या बोलण्यात मुलीला खरे सांगायला जागाच नसते, कारण प्रत्येक प्रश्नाचे अपेक्षित उत्तर एका शब्दाचे असते आणि तो शब्द तिला पाठ असतो. तुमच्याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे आई-बाप असतात. त्यांची मुले माझ्या वसतिगृहात असत, आणि नंतरच्या काळात त्या आयांचे फोन कारखान्यावरच्या कोपीतून म्हणजे झोपडीतून आठ-पंधरा दिवसांनी येत. मी ऑफिसात बसून त्यातले काही ऐकले आहेत. पहिला प्रश्न क्वचितच अभ्यासाचा असे. ती बाई आधी आपले सांगे: बैल बसला, थंडी फार आहे, मुकादम असा बोलला. आईने आपली अडचण सांगितली की पोरगा आपोआप आपली सांगू लागे. सगळीच घरे अशी असतात असा माझा दावा नाही, आणि ऊसतोडीत लेकरांची होणारी आबाळ मी विसरलेलो नाही. पण फोनवर कसे बोलावे हे मी त्या आयांकडून शिकलो.

तेव्हा तुम्हीही आधी घरचे सांगा. म्हैस आटली, डेअरीवाल्याने फॅट कमी लावले, धाकट्याने सायकलवरून पडून गुडघा फोडून घेतला. मग तिला विचारा की आज प्रॅक्टिकलला काय केले, कोणत्या सरांचे शिकवणे कळत नाही, मेसमध्ये आज कोणती भाजी होती आणि ती कशी होती. निकालाचा विषय मात्र तुम्हीच काढायला हवा, कारण तुम्हाला कळल्याचे तिला कळले असणारच आणि ती वाट पाहत असेल. तो पुढीलप्रमाणे काढता येईल: "दोन विषय राहिले ते आम्हाला समजले. आम्हाला राग आला होता, खोटे कशाला बोलू. पण विषय राहिल्याचा कमी आणि दुसऱ्याकडून कळल्याचा जास्त आला. आता सांग, कोणते दोन?" नंतर थांबा आणि ती रडली तर रडू द्या. फोन मालकांच्या हातात त्याच वेळी देऊ नका.

पुढच्या पंधरवड्यात दोघेही एकदा तिकडे जाऊन या, मात्र तिला आधी कळवून जा. अचानक जाऊन तिची ट्रंक आणि वह्या तपासल्यात तर पुढची तीन वर्षे ती दारे लावून घेईल. तिच्या मेसमध्ये तिच्याबरोबर जेवा. वर्गशिक्षकांना किंवा तिला नेमून दिलेल्या मेंटॉर शिक्षकांना भेटायचे असेल तर तिला बरोबर घेऊन भेटा, आणि 'हिला जरा धाक द्या' असे म्हणू नका. त्याऐवजी पुढची सेशनल कधी आहे, जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतील का, आणि आठवड्याला एक दीर्घोत्तर लिहून दाखवले तर ते कोणी तपासून देईल का, एवढे विचारा. बहुतेक शिक्षक तपासून देतात, विचारणारे पालकच कमी असतात. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत थोडे दिवसच असते, तेव्हा ती उलटली नसेल तर त्याच फेरीत चौकशी करावी. तिला फार्मसी मुळात आवडते का, हेही परतण्यापूर्वी एकदा तुम्ही एकटीने विचारा. नीट हुकल्याचे दुःख अनेक मुली पहिले वर्षभर मनात ठेवतात आणि फार्मसी म्हणजे हरल्याची खूण समजतात.

खोली करून राहण्याचे म्हणाल, तर नीटच्या क्लाससाठी लातूर-नांदेडला खोल्या घेऊन राहणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तो मात्र सतरा वर्षांच्या मुलांचा, एक-दोन वर्षांचा मामला असतो. इथे अजून तीन वर्षांहून अधिक काळ जायचा आहे. दूध बंद होईल, शिलाई बंद होईल, भाडे वाढेल आणि नववीतला मुलगा दहावीला आईविना जाईल. हे सारे कोणामुळे झाले, हे तिला कोणी न सांगताही रोज दिसेल.

पाहुण्यांविषयी मला थोडेच लिहायचे आहे. दोन विषय राहिले म्हणून लग्न हे उत्तर होत नाही. ती शिक्षा आहे, आणि लग्नाला शिक्षा बनवले तर ते लग्नही बिघडते. पदवी होईपर्यंत स्थळ पाहायचे नाही, असे मालकांनी पाहुण्यांना सांगावे, आणि ते मुलीच्या कानावर पडेल असे सांगावे. हे वाक्य बापाच्या तोंडून आले तर चार फोनपेक्षा जास्त काम करील.

एका शक्यतेकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ती जेवत नसेल, रात्र-रात्र जागी असेल, वर्गात जायचे टाळत असेल किंवा 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास, मी नसते तर बरे' अशा अर्थाचे काही बोलत असेल, तर पंधरवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी निघा, आणि पोहोचेपर्यंत तिच्याजवळ थांबायला रेक्टरना सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. पालकांनीही तिथे विचारायला हरकत नाही. संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे मालकांना समजावण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल.

पैशांचे एक राहिले. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्ती आहेत. वसतिगृहाच्या खर्चासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तुम्ही कशात बसता हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो हे लक्षात ठेवा, आणि तो अर्ज तिलाच भरू द्या. त्यातून काही मिळाले तर सोने थोडे लवकर सुटेल.

आणि तुमच्याकडून संभाजीनगरला जाणाऱ्या एसटीने डबा पाठवता येत असेल, तर या आठवड्यात एकदा पाठवा. धपाटे करा, खोलीतल्या सगळ्या मुलींना पुरतील एवढे, आणि सोबत दह्याची चटणी द्या. गाडीचा नंबर आणि पोहोचण्याची वेळ तिला फोन करून सांगा. त्या फोनवर दुसरे काही विचारू नका.